गॅसची एजन्सी बदलायची आहे? आधी घरातला एक कागद शोधा

मुंबईच्या उपनगरात राहणारी माझी नणंद महालक्ष्म्यांना लातूरला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "वहिनी, आम्ही लाइट बदलली. आधी अदानीची होती, आता टाटाची घेतली." पुरण वाटता वाटता सासूबाईंचा हात थांबला. "मोडीत भांडं देऊन नवं आणतात, तशी?"

मराठवाड्यात ही चैन नाही. आठही जिल्ह्यांत घरची वीज महावितरणची. आवडली तरी तीच, नाही आवडली तरी तीच. २०११ ते २०१४ या काळात तेव्हाच्या औरंगाबाद शहरात जीटीएल या खाजगी कंपनीकडं वितरण होतं, पण तेही फ्रँचायझी म्हणून, म्हणजे महावितरणच्याच वतीनं. ग्राहकाला कुणी विचारलं नव्हतं. वीज बाहेरून विकत घेण्याची मुभा मोठ्या कारखान्यांना आहे, आपल्या दोन खोल्यांना नाही. घरातल्या इंधनात आपल्या हातात निवड उरते ती एकाच ठिकाणी, गॅसच्या टाकीत. आणि ती निवड असते हेच पुष्कळांना माहीत नाही. लग्नात जी एजन्सी नशिबी आली ती जन्माची, असं समजून लोक वीस-वीस वर्षं कुरकुरत काढतात.

गेल्या वर्षी आम्ही एजन्सी बदलली. काम खरं तर आठ दिवसांचं होतं, आम्हाला दीड महिना लागला. का लागला ते पुढं सांगते, कारण तीच चूक बहुतेक घरांत होते.

दरासाठी बदलत असाल तर थांबा

इंडेन, भारत गॅस आणि एचपी गॅस या तिन्ही सरकारी तेल कंपन्यांच्या. एकाच गावात १४.२ किलोच्या घरगुती टाकीचा दर तिघींचा सारखाच. तेव्हा "त्यांच्याकडं स्वस्त मिळते" असं कुणी सांगितलं तर समजा, तो माणूस एक तर चुकतोय किंवा त्याची सध्याची एजन्सी त्याच्याकडून वर पैसे घेतेय. घरपोच टाकीचा खर्च छापील बिलातच धरलेला असतो. वरचा मजला म्हणून वीस रुपये, पाऊस आहे म्हणून तीस रुपये, हे द्यायचं नसतं. गोदामावर जाऊन तुम्ही स्वतः टाकी आणलीत, तर उलट डिलिव्हरीचा खर्च बिलातून वजा व्हायला हवा.

म्हणजे बदलून मिळणार ती फक्त सेवा. टाकी वेळेवर येणं, फोन उचलला जाणं, मेकॅनिक घरी येणं. लहान मूल आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात हे काही थोडं नाही. पण एखादी टाकी चार दिवस उशिरा आली म्हणून बदलाच्या मागं लागू नका. महालक्ष्म्या, दिवाळी, वेळ अमावस्या आणि लग्नसराईत सगळ्याच एजन्स्यांची गाडी उशिरा धावते. वेळ अमावस्येच्या आदल्या रात्री लातूर-धाराशिवात कोणत्या घरची शेगडी बंद असते?

तुम्हाला नक्की काय बदलायचंय?

काउंटरवर जाऊन "मला बदलायचंय" म्हटलं की समोरचा त्याला सोयीचा अर्थ काढतो. म्हणून हे घरीच ठरवून जा.

एक, गाव तेच, कंपनी तीच, फक्त एजन्सी दुसरी. हे सगळ्यात सोपं.

दोन, कंपनी तीच, पण बदली झाली किंवा घर बदललं म्हणून गाव दुसरं. हे मधलं.

तीन, कंपनीच दुसरी हवी. हे खर्चाचं आणि दगदगीचं. माझं मत विचाराल तर पहिल्या रस्त्यानं काम होत असेल तर तिसऱ्याला हात लावू नका. आपला राग बहुतेक वेळा एजन्सीवर असतो, कंपनीवर नसतो.

एसव्ही कुठं आहे?

कनेक्शन घेताना एजन्सीनं एक कागद दिलेला असतो, सबस्क्रिप्शन व्हाउचर. एजन्सीत सगळे त्याला एसव्ही म्हणतात. निळं पुस्तक वेगळं आणि हा कागद वेगळा. पुस्तक सगळ्यांच्या घरी ओट्याखालच्या खणात सापडतं, एसव्ही सापडत नाही. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, टाक्या किती, रेग्युलेटर किती, डिपॉझिट किती भरलं, हे सगळं त्याच्यावर असतं. टाकी आणि रेग्युलेटर आपल्या मालकीचे नसतात. ते कंपनीचे, डिपॉझिटवर आपल्याकडं वापरायला दिलेले. एसव्ही म्हणजे त्या डिपॉझिटची पावती.

हरवला असेल तर घाबरायचं कारण नाही. एजन्सी एका ठरावीक नमुन्यात कागद हरवल्याचं लिहून घेते आणि तिच्या नोंदीवरून काम पुढं सरकतं. पण हे आधी उरकून घ्या, बदलाच्या अर्जासोबत एकाच दिवशी नको.

आमचा एसव्ही सापडला, पण तो निघाला सासऱ्यांच्या नावाचा. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. आम्ही इतकी वर्षं त्यांच्याच नावानं नंबर लावत होतो, टाकी येत होती, कुणी विचारलं नव्हतं. बदल मागायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "ग्राहक स्वतः आलेत का?" काय सांगणार!

मग आधी नाव बदलणं आलं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं आधार, मूळ एसव्ही आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र. वारसांत मुंबईची नणंद आली. तिची सही येईपर्यंत तीन आठवडे गेले. दीड महिन्यातला निम्मा वेळ असा गेला. म्हणून सांगते, कनेक्शन हयात नसलेल्या माणसाच्या नावावर असेल तर एजन्सी बदलायची असो वा नसो, नाव आधी बदलून घ्या. एकाच घरात नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावरही कनेक्शन करता येतं, दोघांच्या कागदांवर.

बाईच्या नावावर करण्याला आणखी एक कारण आहे. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला तीन टाक्या मोफत मिळतात, आणि त्यासाठी कनेक्शन बाईच्या नावावर असावं लागतं. ही योजना २०२४ मध्ये आली तेव्हा नाव बदलायला एजन्स्यांपुढं रांगा लागल्या होत्या. नाव नवं झालं की ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लगेच करून टाका. कंपनीच्या मोबाइल अॅपवर चेहरा दाखवूनही ते होतं. आणि मोबाइल नंबर तपासा. जुना, बंद पडलेला नंबर नोंदलेला असेल तर ओटीपी जाईल कुठं?

पहिला रस्ता: तीच कंपनी, दुसरी एजन्सी

याला पोर्टेबिलिटी म्हणतात. आपल्याकडं ती ऑक्टोबर २०१३ मध्ये काही शहरांत सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये ४८० जिल्ह्यांत पोचली. म्हणजे सोय दहा वर्षांहून जुनी, फक्त एजन्सीच्या भिंतीवर तिचा बोर्ड कुणी लावत नाही.

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल टाकून खातं उघडा. तिथं एजन्सी बदलण्याचा पर्याय असतो. तो निवडला की तुमच्या भागात टाकी देऊ शकणाऱ्या एजन्स्यांची यादी येते, प्रत्येकीपुढं तारे असतात. तारे मुख्यतः टाकी किती वेळेत पोचते त्यावर ठरतात. पण नुसते तारे मोजू नका. गल्लीत ज्या घरी त्या एजन्सीची टाकी येते त्यांना विचारा, गाडी कोणत्या वारी येते आणि चुकली तर परत कधी. आम्ही चार ताऱ्यांची एजन्सी सोडून तीन ताऱ्यांची घेतली, कारण तिची गाडी आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा येते.

अर्ज भरला की संदेश येतो. मधल्या दिवसांत जुन्या एजन्सीतून समजूत घालायला फोन येऊ शकतो. आम्हाला आला. दोन वर्षं जो माणूस फोन उचलत नव्हता, तो "ताई, काय अडचण झाली?" म्हणून विचारत होता. हवं तर तिथंच तक्रार मिटवा आणि अर्ज मागं घ्या. नाहीतर शांतपणे "नको" म्हणा. भांडत बसू नका, नोंदी अजून त्याच्याच संगणकात असतात.

या रस्त्यात टाकी-रेग्युलेटर उचलून न्यायचे नाहीत, नवं डिपॉझिट नाही, बदलाची फी नाही. आलेल्या संदेशाची प्रत, ओळखपत्र आणि जुनं पुस्तक घेऊन नव्या एजन्सीत जा, नोंद करून घ्या, नवा ग्राहक क्रमांक लिहून घ्या. काम संपलं. कुणी "नवी शेगडी घ्यावीच लागेल" म्हणालं तर ते खोटं आहे. एजन्सीकडून शेगडी घेण्याची सक्ती करता येत नाही.

खेड्यात मात्र यादी उघडली की बऱ्याचदा एकच नाव दिसतं, तुमच्याच एजन्सीचं. तिथं पोर्टेबिलिटीचा उपयोग नाही. तक्रारीचाच रस्ता धरावा लागतो, तो शेवटी सांगते.

दुसरा रस्ता: गाव बदलतंय

शेजारच्या भागात किंवा त्याच शहरात जात असाल तर जुनी एजन्सी एक ऑनलाइन हस्तांतर सूचना देते, ई-सीटीए. टाकी आणि रेग्युलेटर तुमच्याकडंच राहतात, फक्त नोंद सरकते. ही सूचना तीन महिने चालते, म्हणून खोकी उघडली की पहिलं काम तेच करा.

लांब जात असाल, समजा उदगीरहून छत्रपती संभाजीनगरला, तर टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचे. डिपॉझिट परत मिळतं आणि ट्रान्सफर टर्मिनेशन व्हाउचर मिळतं. नव्या गावी त्याच कंपनीच्या एजन्सीत ते दाखवलं की व्हाउचरवर जेवढी रक्कम आहे तेवढंच डिपॉझिट भरून टाकी मिळते. हा कागद सामानाच्या टेम्पोत टाकू नका, पर्समध्ये ठेवा. टाकी जवळजवळ संपवूनच जमा करा, उरलेल्या गॅसचे पैसे मागत बसण्यात अर्थ नाही. आणि भरलेली टाकी एसटीत घालून न्यायचा विचारसुद्धा नको.

आता लातूरचा खास प्रश्न. दर जूनला बीड, नांदेड, परभणीकडची कुटुंबं अकरावी-बारावीसाठी इथं खोल्या करतात. आई लेकरासोबत इथं, वडील शेतामुळं गावाकडं. गावची टाकी इथं आणायची का? गावी चूल पेटत असेल तर आणू नका. एका कुटुंबाला एकच घरगुती कनेक्शन, तेव्हा दुसरंही मिळणार नाही. अशांसाठी ५ किलोची टाकी असते, इंडेनची ती छोटू. तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळते. गॅस घरगुती दरापेक्षा महाग पडतो, हे धरूनच महिन्याचा हिशेब करा.

तिसरा रस्ता: कंपनीच दुसरी

एका कंपनीची टाकी दुसरी कंपनी भरून देत नाही. म्हणून इथं जुनं सगळं जमा करणं आलं. टाक्या, रेग्युलेटर, एसव्ही द्या, डिपॉझिट परत घ्या, टर्मिनेशन व्हाउचर म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद घ्या, मग दुसरीकडं जा.

पैशाचा हिशेब आधी करा. १६ जून २०२२ पासून १४.२ किलोच्या एका टाकीचं डिपॉझिट १४५० वरून २२०० रुपये झालं आणि रेग्युलेटरचं १५० वरून २५०. परत मिळतं ते मात्र तुमच्या एसव्हीवर छापलेलं. समजा तुम्ही २०२१ मध्ये दोन टाक्यांचं कनेक्शन घेतलं होतं, तर परत येतील ३०५० रुपये. नव्यानं तसंच कनेक्शन घ्याल तर ४६५० भरावे लागतील. सोळाशेचा खड्डा, शिवाय पुस्तक आणि जोडणीचे वेगळे. कनेक्शन आणखी जुनं असेल तर खड्डाही मोठा.

दुसरी अडचण मधल्या दिवसांची. आधारवरून एकाच घरची दोन कनेक्शनं लगेच कळतात, त्यामुळं जुनं बंद झाल्याची नोंद चढल्याशिवाय नवं मंजूर होत नाही. त्या काळात घरात टाकीच नसते. इंडक्शन शेगडी किंवा छोटू तयार ठेवा. जुनं जमा करायच्या आधी नव्या एजन्सीत स्वतः जाऊन "टाकी शिल्लक आहे ना, किती दिवसांत द्याल?" हे विचारून या. आणि सणाच्या तोंडावर हे करू नका, पुरणपोळ्या इंडक्शनवर होत नाहीत असं नाही, पण सासूबाईंना सांगून बघा.

केंद्राच्या उज्ज्वला योजनेतलं कनेक्शन असेल तर या रस्त्याला जाऊच नका. त्याचं डिपॉझिट सरकारनं भरलेलं, म्हणून जमा केलं तरी हातात काही येत नाही, आणि टाकीमागं मिळणारी ३०० रुपयांची सबसिडी हातची जायची. एजन्सी बदला, गाव बदला, पण त्याच कंपनीत. बीड-धारूरकडची ऊसतोडीला जाणारी घरं सहा महिने गावात नसतात. त्यांनी कनेक्शन जमा करण्याऐवजी १४.२ ची टाकी देऊन ५ किलोची घेण्याबद्दल एजन्सीत विचारावं.

जोडणीच्या दिवशी

तिन्ही कंपन्यांच्या १४.२ किलोच्या टाकीचा व्हॉल्व्ह सारखाच, त्यामुळं जुनं रेग्युलेटर नव्या टाकीवर बसतं. बसतं म्हणून ठेवून घेऊ नका. ते जमा केलं नाही तर डिपॉझिटातून कापून जातं.

नळी केशरी, आयएसआय छापाची, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षं झाली असतील तर बदलाच. छापील तारीख नळीवरच असते. टाकी उभी, शेगडी टाकीपेक्षा उंचावर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. जोडल्यावर काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बटणांना हात नाही, आणि १९०६ ला फोन.

पत्ता नीट नोंदला गेला का, हे त्याच दिवशी बघा. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपण भरत नाही. गॅसमुळं अपघात होऊन मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत. घराच्या नुकसानीलाही २ लाखांपर्यंत मिळतात, पण ते नोंदलेल्या पत्त्यावरच्या घराला. भाड्याची तीन घरं बदलून पत्ता पहिल्याच घराचा ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

ज्यांच्या कॉलनीत पाइपचा गॅस येऊ घातलाय त्यांच्यासाठी एकच गोष्ट. छत्रपती संभाजीनगरचं काम भारत पेट्रोलियमकडं आहे, लातूर-धाराशिवचं आधी युनिसन एन्व्हायरोकडं होतं, ती कंपनी महानगर गॅसनं २०२४ मध्ये विकत घेतली. पाइपचा गॅस कमी दाबानं येतो, तेव्हा शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रांची तोंडं, त्यांच्या माणसाकडून बदलून घ्यावे लागतात. आणि पाइप खरोखर पेटेपर्यंत टाकी जमा करायची नाही, नुसतं मीटर बसलं म्हणून तर मुळीच नाही.

अडवलं तर

जुनी एजन्सी "सर्व्हर डाउन आहे, पुढच्या आठवड्यात या" म्हणते. दोनदा ऐका, तिसऱ्यांदा १८००-२३३-३५५५ या टोल फ्री नंबरावर तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी काउंटरवर तो क्रमांक वाचून दाखवला की सर्व्हर सुरू होतो, हा माझा अनुभव. त्यानंही नाही झालं तर तहसीलची पुरवठा शाखा, जिल्हा पुरवठा अधिकारी आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

नवी टाकी पहिल्यांदा दारात आली की डिलिव्हरीवाल्याला वजनकाटा काढायला सांगा. तो ठेवणं त्याला बंधनकारक आहे. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. समजा १५.३ असेल, तर त्यात १४.२ मिळवून काटा २९.५ दाखवायला हवा. सील बघा. मग गळ्याजवळच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे दिसतील. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. टाकीच्या पुढच्या चाचणीची ती मुदत. ती उलटून गेली असेल तर टाकी उंबऱ्याच्या आत घेऊ नका, आणि मोबाइलवर आलेला डिलिव्हरी कोड तोवर सांगू नका.